दुनळीतून सुटलेले तीनशे छर्रे

जुईनगर स्थानकात बारा डब्यांची लोकल उभी असताना फलाटाच्या एका टोकाला थांबून दुसऱ्या टोकाकडे पाहावं. एक डबा साधारण वीस मीटरचा, म्हणजे अख्खी गाडी अडीचशे मीटरच्या आसपास. उडत्या तबकडीवर शॉटगनने नेम धरण्याचा खेळ समजून घ्यायला याहून सोपी मोजपट्टी मला सापडलेली नाही.

ट्रॅप या प्रकारातला नेमबाज पहिल्या डब्याच्या सुरुवातीला उभा आहे असं धरा. त्याच्यापुढे 15 मीटरवर, म्हणजे तो डबा संपायच्या आतच, जमिनीतल्या खंदकात तबकड्या फेकणारी 15 यंत्रं असतात. नेमबाजाने आवाज दिला की त्याच्या समोरच्या तीन यंत्रांपैकी एकातून तबकडी सुटते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे त्याला आधी ठाऊक नसतं. मोकळी सोडली तर ती खंदकापासून सुमारे 76 मीटरवर, जवळजवळ चार डबे पुढे जाऊन पडेल. प्रत्यक्षात ती दुसरा डबा ओलांडते न ओलांडते तोच पहिला बार निघालेला असतो. आवाज दिल्यापासून जेमतेम पाऊण सेकंद गेलेला असतो.

आपल्या भागात नेमबाजी म्हटलं की डोळ्यांपुढे रायफल येते, आणि ते साहजिक आहे. हार्बर मार्गाच्या टोकाला पनवेलमध्ये सुमा शिरूर मुलांना एअर रायफल शिकवतात. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, तेही रायफलवरच. एअर रायफलचं लक्ष्य 10 मीटरवर स्थिर असतं आणि त्याच्या मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे श्वास रोखून शरीर दगडासारखं करायचं. शॉटगनवाल्याने मात्र थांबायचंच नाही. त्याची तबकडी 110 मिलिमीटर व्यासाची, 105 ग्रॅमची, डांबरासारख्या पदार्थात चुनखडीची भुकटी मिसळून केलेली. यंत्राचा झटका सोसण्याइतकी ती दणकट हवी आणि दोन-चार छर्ऱ्यांनी फुटण्याइतकी ठिसूळही. भोवऱ्यासारखी गरगरत जाते म्हणून हवेत कलंडत नाही.

लहानपणी विटीदांडू खेळलेल्यांना या खेळाचं मर्म लवकर कळेल. उडालेली विटी टोलवताना कोणी दांडूकडे बघत नाही. नजर विटीवर, हात आपोआप जातो. इथेही नजर तबकडीवर असते, नळीवर नाही. शॉटगनला मागची माशी नसतेच. तिचं काम नेमबाजाचा डोळा करतो. म्हणून दस्ता गालाला दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे. दस्त्याची उंची चार-पाच मिलिमीटर चुकली तरी नेम चुकतो, आणि त्यामुळे हे नेमबाज नवी बंदूक घेतली की आधी दस्ता तासून आपल्या अंगाबरहुकूम करून घेतात. माझ्या मते या बंदुकीतला सर्वांत महत्त्वाचा भाग नळी नसून तो लाकडाचा तुकडा आहे.

नेम तबकडीच्या पुढे धरावा लागतो, कारण छर्ऱ्यांनाही वेळ लागतो. नळीतून ते सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने निघतात. स्कीट या दुसऱ्या प्रकारात तबकडी समोरून आडवी जाते. अंतर वीस मीटर धरलं तर छर्रे पोहोचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. तेवढ्यात तबकडी मीटरभर पुढे सरकते. जिथे ती दिसते तिथे मारलं तर छर्रे रिकाम्या हवेत जातात. हा मीटर मोजायला वेळ नसतो. बंदूक फिरवत ठेवूनच चाप ओढावा लागतो, आणि चाप ओढल्यावरही ती फिरत ठेवावी लागते.

आता त्या छर्ऱ्यांकडे येऊ. स्पर्धेच्या काडतुसात 24 ग्रॅम शिसं असतं. छर्रा 2.4 मिलिमीटरचा धरला तर ते होतात जवळपास तीनशे. बंदूक बारा बोअरची. हा आकडा मोठा गमतीशीर आहे: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतल्या एकीचा व्यास तोच नळीचा व्यास, साडेअठरा मिलिमीटर. नळीचं तोंड किंचित निमुळतं करतात, त्याला चोक म्हणतात. चोक जितका घट्ट, तितका छर्ऱ्यांचा थवा उशिरा फाकतो. लांबच्या तबकडीजवळ तो थवा पाऊण मीटर रुंद झालेला असतो आणि कडेने दिसणाऱ्या पातळ तबकडीवर त्यातले अगदी थोडे छर्रे पडतात. सरळ क्षेत्रफळाचं गणित केलं तर एका हाताची बोटं पुरतात.

ट्रॅपमध्ये पहिला बार हुकला तर दुसऱ्याची मुभा असते, आणि दुनळीचं सामर्थ्य इथे कळतं. पहिल्या नळीचा चोक जरा मोकळा, दुसरीचा घट्ट, कारण तोवर तबकडी लांब गेलेली असते. जुन्या बंदुकीत नळ्या शेजारीशेजारी असत. आता खेळाच्या बंदुकीत एकीवर एक असतात. आधी खालच्या नळीचा बार काढतात. ती खांद्याच्या रेषेजवळ असल्याने धक्का सरळ मागे जातो, नळीचं तोंड फारसं उसळत नाही आणि दुसरा नेम लवकर सापडतो. साडेतीन किलोची बंदूक धक्क्याने सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने मागे येऊ पाहते. पात्रता फेरीत 125 तबकड्या असतात, म्हणजे खांद्याने हे किमान तितक्या वेळा सोसायचं.

डबल ट्रॅप या तिसऱ्या प्रकारात दोन तबकड्या एकदम उडत, प्रत्येकीला एकच बार. राज्यवर्धनसिंह राठोड यांचं अथेन्समधलं रौप्यपदक याच प्रकारातलं. 2016 नंतर तो ऑलिम्पिकमधून गेला. मला त्याची हळहळ वाटते.

दुनळीचा आणखी एक गुण फारसा बोलला जात नाही. ती बिजागरीवर मोडून उघडी ठेवता येते, आणि उघडी बंदूक धोक्याची नाही हे लांबूनही दिसतं. मैदानावर आपली पाळी नसताना ती तशीच धरायची असते. ही शिस्त घरीही लागते. घरी बंदूक ठेवायची तर जुईनगरच्या रहिवाशाला परवाना नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडून घ्यावा लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात.

ट्रॅप हे नाव आलं पेटीवरून. तीत जिवंत कबुतरं कोंडत आणि दोरी ओढून सोडत. 1900 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही खरी कबुतरं मारली गेली. त्याआधीच, 1880 च्या सुमारास, अमेरिकेत जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची तबकडी काढली होती. पाखरू वाचलं, शिसं राहिलं.

तीनशेतले पाच छर्रे तबकडीला लागले, बाकीचे? ते दोनशे मीटरपर्यंत जातात, फलाटावरच्या दहाव्या डब्यापर्यंत. दिवसाला दोनशे काडतुसं उडवणारा एक नेमबाज जवळजवळ पाच किलो शिसं जमिनीवर टाकतो. एअर रायफलची सभागृहं इमारतीत मावतात. या खेळाला मोकळं रान लागतं, आणि ते रान कुठे असावं याचा निकाल पाण्यावर ठरायला हवा. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत, ठाणे खाडीत रोहित उतरतात. खाडीतला त्यांचा अधिवास 2015 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर स्थळ. अन्न दळण्यासाठी पाणपक्षी बारीक खडे गिळतात, आणि छर्रा त्यांना खड्यासारखाच वाटतो. पोटातल्या आम्लात शिसं विरघळतं आणि रक्तात जातं. स्पेन आणि मेक्सिकोत रोहित असे मेल्याच्या नोंदी आहेत.

पोलाद हा एक पर्याय. पण शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8, हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो, म्हणून तो थोडा मोठा घ्यावा लागतो. दुसरा मार्ग जुना आणि मेहनतीचा: मैदानाची वरची माती चाळायची. शिसं जड असल्याने ते वेगळं काढता येतं. मग ते वितळवून त्याचे पुन्हा छर्रे पाडतात. छर्रे पाडण्याची एक रीत अशी: 1782 मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स यांनी वितळलेलं शिसं चाळणीतून उंचावरून खाली सोडलं, तेव्हा पृष्ठताणामुळे थेंब पडता पडता गोल झाले आणि खालच्या पाण्यात थिजले.