एका डॉलरचं पेटंट, पावणेतीनशे डॉलरची व्हायल

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या रूममेटने इन्शुलिनचा डोस गुपचूप कमी केला. त्याला टाइप १ डायबिटीस. विम्याचं नवं वर्ष नुकतंच सुरू झालेलं, डिडक्टिबल भरून झालं नव्हतं, त्यामुळे फार्मसीने पूर्ण किंमत मागितली. "पगार होईपर्यंत पुरवतो," म्हणाला. तिसऱ्या रात्री आम्ही इमर्जन्सी रूममध्ये होतो.

औषध नवीन म्हणून महाग आहे का? तसंही नाही. इन्शुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला. १९२३मध्ये संशोधकांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन पेटंट टोरांटो विद्यापीठाला दिलं. आज वापरतात ते इन्शुलिन सुधारित आहे, हे खरं. पण हुमालॉग १९९६ साली बाजारात आलं तेव्हा एक व्हायल साधारण २१ डॉलरला मिळायची. २०१७पर्यंत तीच सुमारे २७५ डॉलरची झाली. आतलं औषध तेच!

मग वाढलं काय? अमेरिकेत हा बाजार मुख्यतः तीन कंपन्यांच्या हातात आहे: एली लिली, नोवो नॉर्डिस्क आणि सनोफी. विमा कुठल्या औषधाला लागू होणार, ती यादी 'पीबीएम' नावाचे मध्यस्थ ठरवतात. यादीत जागा मिळावी म्हणून कंपन्या त्यांना रिबेट देतात. छापील किंमत जितकी जास्त, तितका मोठा रिबेट देता येतो. म्हणजे इथे स्पर्धेमुळे छापील किंमत उतरायच्या ऐवजी चढत गेली. हा रिबेट काउंटरवर उभ्या असलेल्या पेशंटला मात्र मिळत नाही. विमा नसलेला किंवा डिडक्टिबल बाकी असलेला माणूस छापील किमतीनेच पैसे मोजतो.

२०२२च्या कायद्याने मेडिकेअरवाल्यांसाठी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आणली. २०२३मध्ये तिन्ही कंपन्यांनी बऱ्याच इन्शुलिनच्या किमती ७० टक्के किंवा त्याहून जास्त कमी करायचं जाहीर केलं. त्यामागे निव्वळ दयाबुद्धी नव्हती. जानेवारी २०२४पासून मेडिकेडचा नियम बदलणार होता आणि जुन्या चढ्या किमती कंपन्यांनाच महागात पडल्या असत्या.

तुम्ही किंवा तुमचं कुणी यात अडकलं असेल, तर डोस अजिबात कमी करू नका. कंपन्यांच्या ३५ डॉलरच्या योजनांबद्दल फार्मसिस्टला विचारा. आणि घरून इन्शुलिन आणलं असेल तर लेबल नीट वाचा. भारतातल्या अनेक व्हायल ४० युनिटच्या असतात, इथल्या सिरिंज १०० युनिटच्या. जोडी चुकली की डोस निम्म्याहून कमी जातो.

रूममेट बरा झाला. त्या रात्रीचं बिल मात्र एका व्हायलच्या कितीतरी पट होतं.