जड मोटार पुढे की हलकी?

उतरत्या फळीवरून खेळण्यातल्या दोन मोटारी एकदम सोडल्या, तर पुढे कोणती जाईल? हा प्रश्न विचारताच वर्गात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, जड वस्तूस पृथ्वीची ओढ अधिक, म्हणून जड मोटार पुढे. दुसरा म्हणतो, जड वस्तू हालविणेच कठीण, म्हणून हलकी पुढे. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. वजन दुप्पट केले की ओढ दुप्पट होते, पण जडत्वही दुप्पट होते. एकाची दुसऱ्याने फिटंफाट होते. १९७१ साली अपोलो-१५ मधील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा व पीस एकदम सोडले. तेथे हवा नसल्याने दोन्ही बरोबरच खाली पोचले.

आमच्या फळीवर मात्र जड मोटार बहुधा थोडी पुढे जाते. याची कारणे दोन. पहिले हवेचे. आकार सारखा असता हवा दोहोंस सारखीच अडविते, पण जड मोटारीच्या मानाने तो अडथळा किरकोळ ठरतो. दुसरे चाकांचे. समजा, मोटार १०० ग्रॅमची आहे व त्यांपैकी २० ग्रॅम भरीव चाकांचे आहेत. उतारावर मिळालेल्या ऊर्जेचा सुमारे अकरावा हिस्सा ती चाके फिरविण्यात खर्च होतो. चाके तीच ठेवून मोटार २०० ग्रॅमची केली, तर हा हिस्सा एकविसावा होतो. आसाचे घर्षण मात्र वजनाबरोबर वाढते. तेथे लाभ नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे १९५३ साली बालवीरांच्या लाकडी मोटारींची शर्यत सुरू झाली. या शर्यतींत मोटारीचे वजन साधारणतः ५ औंसांहून, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमहून, अधिक चालत नाही. मर्यादा नसती तर वजन भरण्याचीच चढाओढ लागली असती.

चावीच्या मोटारीचा न्याय निराळा. स्प्रिंगमधील ऊर्जा ठरलेली असते. ओझे वाढले म्हणून ती वाढत नाही. घर्षण सोडून दिले, तर वजन चौपट केल्यावर वेग निम्म्यावर येतो.

हा केवळ पोरखेळ नव्हे. बेळगावहून गोव्यास जाताना चोर्ला घाट उतरणाऱ्या मालमोटारीस हाच नियम लागू आहे. मालासह मोटारीचे एकूण वजन दुप्पट असेल, तर त्याच वेगावरून थांबविताना ब्रेकना दुप्पट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. ब्रेक फार तापले की त्यांची पकड सुटू लागते. म्हणून जाणता चालक उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलाने विचारले, तर उत्तर सांगण्याची घाई करू नये. एक फळी व चार पुस्तके द्यावीत. मोटार एकच घ्यावी, फळीचा उतार तोच ठेवावा, आणि मोटारीच्या मध्यभागी मातीचा गोळा चिकटवून फक्त वजन बदलावे. मोटार हाताने ढकलू नये; समोर आडवी धरलेली पट्टी उचलून सोडावी. प्रत्येक वजनास पाच वेळा काळ मोजून सरासरी काढावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, ही सवय ज्या मुलास लागली, ते पुढे कोणाच्या नुसत्या सांगण्यावर विसंबून राहणार नाही.