इंजिनालाही श्वास लागतो!

ज्यांच्या घरी एकेकाळी रॉकेलचा स्टोव्ह होता, त्या मायबहिणींना ही गोष्ट शिकवायला नको. भोकात कचरा अडकला की ज्योत मंद होते. हवा कमी पडली की ती पिवळी होऊन भांडी काळी करते. इंधन आणि हवा यांचा मेळ बसला तरच निळी आच मिळते. विमानाच्या इंजिनाचेही तसेच आहे. फरक एवढाच, की स्टोव्ह विझला तर भात कच्चा राहतो. आकाशात इंजिन विझले तर जिवावर बेतते.

राइट बंधूंचे पहिले विमान कारखान्यात बनलेले नव्हते. अमेरिकेतील डेटन गावी त्यांचे सायकलचे दुकान होते. तेथे १९०१ साली चार्ली टेलर हा कारागीर आठवड्याला १८ डॉलर मजुरीवर कामाला लागला. विमानासाठी मनासारखे हलके इंजिन बाहेर मिळेना, तेव्हा टेलरने लेथ, ड्रिल मशीन आणि हातहत्यारांवर ते सहा आठवड्यांत घडविले.

या चार सिलिंडरच्या इंजिनाला आजच्यासारखा कार्बोरेटर नव्हता, पेट्रोलचा पंपही नव्हता. वरच्या लहान टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने नळीतून खाली येई, एका उथळ पेटीत पडे आणि इंजिनाच्या उष्णतेने त्याची वाफ होई. ती वाफ हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाई. पेट्रोल किती सोडायचे, हे जमिनीवरच ठरवून ठेवावे लागे. उडताना ते कमीजास्त करण्याची सोय नव्हती.

अडचणी आल्याच. १३ फेब्रुवारी १९०३ रोजी चाचणी चालू असताना पेट्रोल बेअरिंगवर ठिबकले. बेअरिंग जाम झाले आणि इंजिनाचा सांगाडा फुटला. तो पुन्हा ओतून घ्यावा लागला. दुसरी खोड हवेची होती. सुरू होताच हे इंजिन सुमारे १६ अश्वशक्ती देई. पण थोड्याच वेळात ती १२ वर येई. कारण आत जाणारी हवा तापून विरळ होई आणि तेवढ्याच जागेत कमी हवा मावे. तरीही १७ डिसेंबर १९०३ रोजी याच इंजिनावर विमान उडाले. त्या दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे होते.

आजही अमेरिकेत हौशी माणसे घरी विमान बनवितात. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाच्या हातचे असावे, असा तेथील नियम आहे. त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहतो. कार्बोरेटरच्या पुढे नळीचा सांधा सैल राहिला तर जादा हवा शिरते, पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते. दुसरा शत्रू म्हणजे बर्फ! पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद गळ्यातून हवा जाताना कार्बोरेटर फार थंड होतो. हवा दमट असली तर बाहेर २० अंश सेल्सियस असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यावर उपाय म्हणजे धुराड्याच्या नळीभोवती तापलेली हवा आत सोडणे. बर्फ वितळतो, त्याचे पाणी आत गेल्याने इंजिन क्षणभर खोकते आणि मग नीट चालते. गरम हवेने थोडी शक्ती घटते, पण जीव वाचतो. टेलरच्या इंजिनात जी खोड होती, तीच येथे औषध ठरते.

पहिल्या उड्डाणाच्या वेळी टेलर तेथे नव्हता. म्हातारपणी तो हलाखीत राहिला आणि १९५६ साली वारला. आज अमेरिकन सरकार विमानदुरुस्तीत ५० वर्षे घालविलेल्या मेकॅनिकांना त्याच्याच नावाचा पुरस्कार देते. मुलांना राइट बंधूंची गोष्ट सांगाल, तेव्हा इंजिन घडविणाऱ्या या कामगाराचेही नाव सांगा.