परसातली अळी लहानपणीच गाठावी

जालन्यात पावसाळ्यात परसात लावलेली वांगी-टोमॅटो फुलावर येतात, तोवर आजूबाजूच्या शिवारात कपाशी आणि तूर उभी असते. घाटेअळीला कपाशी चालते, तूर चालते, पुढे हरभरा चालतो आणि आपला टोमॅटोही चालतो. रानातले पतंग परसात यायचे थांबत नाहीत. अळी केवढी असताना आपल्याला सापडते, एवढंच आपल्या हातात असतं.

म्हणून आधी बघणं. दिवसाआड सकाळी पानं उलटून बघा. तंबाखूवरील पानं खाणारी अळी नावालाच तंबाखूची. तिला कोबी, टोमॅटो, एरंडी सगळं गोड लागतं. तिचा पतंग पानाखाली अंड्यांचा पुंजका घालतो आणि त्यावर भुरकट केसांचं पांघरूण असतं. अंडी फुटली की पिल्लं सुरुवातीला घोळक्यानं एकच पान खरवडतात आणि पानाची जाळी होते.

ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं, की अख्खा घोळका संपतो. पुढे अळ्या झाडभर पांगतात, दिवसा मातीत दडतात. मग रात्री बॅटरी घेऊन वेचत बसावं लागतं. बहुतेकांची धावपळ याच टप्प्यावर सुरू होते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

दुसरं, निंबोळी अर्क. निंबोळ्या जून-जुलैत पडतात, त्याच वेळी गोळा करून गर धुवा आणि बिया सावलीत वाळवा. बुरशी धरलेल्या, काळ्या पडलेल्या बिया घेऊ नका. 5 टक्के अर्क म्हणजे लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम पूड. ती रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा आणि लिटरला 2 ग्रॅम साबणचुरा मिसळा. साबण नसेल तर कोबीच्या तुकतुकीत पानावर थेंब ठरत नाही, ओघळून जातो.

अर्क केला त्याच दिवशी संपवावा. उरलेला बाटलीत भरून पुढच्या आठवड्याला ठेवू नये. फवारणी संध्याकाळी करा, कारण उन्हात त्यातला कडू घटक लवकर निकामी होतो. पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. अळी लगेच टपकन पडत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत बघून अर्काला बोल लावू नका. मोठ्या अळीवर मात्र तो फारसा चालत नाही.

कोबीवर बारीक हिरव्या अळ्या असतील आणि पानाला हात लावताच त्या धाग्यानं खाली लोंबत असतील, तर ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. तिच्यासाठी बीटी पावडर चांगली. बीटी म्हणजे मातीत आढळणारा एक जिवाणू. तो पानाबरोबर पोटात गेला तरच काम करतो, म्हणून लहान, खादाड अळीवरच वापरा. प्रमाण पाकिटावर असेल तेच घ्या, आणि हीही संध्याकाळीच फवारा.

वांग्याची गोष्ट वेगळी. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात आत शिरते; तिथे ना अर्क पोचतो ना बीटी. हीच अळी डोळ्यांपुढे ठेवून जालन्याच्या महिको कंपनीनं झाडातच बीटीचा गुण असलेलं वांगं तयार केलं होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या लागवडीला स्थगिती दिली. परसात मात्र कात्री पुरते.

एखादा शेंडा पाणी असूनही मान टाकतो, तो अळीच्या खालपर्यंत कापा. चिरून बघितलं तर आत गुलाबीसर अळी सापडेल. भोक पडलेली वांगीही तोडून टाका. सोबत कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा लावता येतो. त्यातली वासाची गोळी वांग्यातल्या याच अळीची आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. घाटेअळीची गोळी इथे उपयोगाची नाही. अळी ओळखू येत नसेल तर पिशवीत घालून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी.

कापलेले शेंडे आणि किडकी वांगी खताच्या खड्ड्यात टाकू नका. तिथल्या पाल्यात अळी कोष करते आणि पतंग होऊन बाहेर पडते. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ती कडक उन्हात ठेवा, नाहीतर जाळून टाका.