अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा

घरातील सरकत्या खिडकीची चौकट असो वा मुंबईच्या किनाऱ्यावरील जुन्या शिडाच्या नौकेची डोलकाठी, घासून चकचकीत केले म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सुरक्षित झाले, हा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा (प्राणवायूशी झालेल्या संयोगाचा) काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो आणि तोच, जखमेवरील खपलीप्रमाणे, आतील धातूचे रक्षण करतो. खाऱ्या हवेतील क्लोराइड मात्र त्याला भेदून बारीक खड्डे पाडते. स्टेनलेसचा स्क्रू थेट बसविला असल्यास त्याभोवती पांढरी भुकटी जमते, तिची दखल घेऊन मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. दीर्घकाळ टिकणारा बंदोबस्त हवा तर अ‍ॅनोडायझिंग (विद्युत्प्रवाहाने पापुद्रा १० ते २५ मायक्रॉन जाड करणे) करून घ्यावे. पोलादी तारेच्या घासणीस सक्त मनाई. तिचे कण रुतून तेथेच गंजतात.