नगर परिषदेचा मार्चमधला एक दिवस

पहाटे साडेचार. कार्यालय उघडायला अजून पाच तास आहेत, पण उमरखेडची नगर परिषद कामाला लागलेली असते. व्हॉल्व्हमन लोखंडी चावी घेऊन टाकीपाशी येतो, चार आटे फिरवतो आणि एका भागाचा नळ सुटतो. दहा मिनिटांत फोन: "भाऊ, आमच्याकडं धार बारीक हाये." त्याला कारण ठाऊक असतं. वरच्या गल्लीत कुणीतरी नळाला मोटार लावलीय. मार्चपासून पैनगंगेचं पात्र आटत जातं आणि इसापूर धरणातून नदीत पाणी सोडा, अशी मागणी सुरू होते. ते सोडायचं की नाही, हे पाटबंधारे खातं ठरवतं. शिव्या मात्र व्हॉल्व्हमनच खातो.

सहा वाजता मुकादम हजेरी घेतो. झाडूवाल्या बाया, नालीवाले, घंटागाडीचे ड्रायव्हर. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा हा नियम 2016 चा. गाडीवरचं गाणं तो रोज ऐकवतं, आणि लोक त्याच गाण्याच्या तालावर एकच बादली रिकामी करतात.

दहाच्या सुमारास कार्यालय भरतं. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 47 हजारांच्या वर होती. 40 हजार ते एक लाख लोकसंख्येची नगर परिषद 'ब' वर्गात मोडते, तशी ही. कारभार 1965 च्या महाराष्ट्र नगर परिषद अधिनियमाने चालतो. नगराध्यक्ष थेट जनतेतून, नगरसेवक प्रभागांतून. मुख्याधिकारी मात्र सरकारी अधिकारी, बदलीवर येणारा आणि बदलीवर जाणारा. ठराव सभेचा, अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची. त्यामुळे नगरसेवकाच्या ओट्यावर सकाळपासून दरबार भरला, तरी दुपारी फाइल शेवटी सहीसाठी मुख्याधिकाऱ्यांच्याच टेबलावर जाते. 2016 च्या निवडणुकीनंतर राज्यातल्या बहुतेक नगर परिषदा मुदत संपताच प्रशासकाच्या हाती गेल्या. पुढचं मतदान थेट डिसेंबर 2025 मध्ये झालं. त्या काळात नळही येत होते, घंटागाडीही फिरत होती. पण पैसा कुठे गेला, हे भर सभेत उभं राहून विचारणारा कुणी नव्हता. माझ्या मते ही कसर मोठी होती.

अकरा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपाशी एक आजी नातवाचा दाखला घेऊन उभी असते. दाखला आहे, पण नावाचा रकाना कोरा. दवाखान्याने जन्म कळवला तेव्हा बारसं व्हायचं होतं, नंतर कुणी फिरकलंच नाही. आता शाळेने अडवलं. लिपिक विचारतो, "आजी, नाव काय लिहू? आधारवर काय आहे?" आजी घरातलं लाडाचं नाव सांगते. मागून सून स्पेलिंग सांगते. लिपिक पेन खाली ठेवतो आणि आई-वडिलांचा अर्ज आणायला सांगतो. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, वर्षाच्या आत विनाशुल्क. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. एवढं ठाऊक असतं तर निम्मी रांग कमी झाली असती.

साडेबारा. वसुली पथक बाहेर पडतं, कारण मार्च एंड. मालमत्ता कर थकला तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. तरीही घरमालक म्हणतो, "साहेब, पुढच्या आठवड्यात बघू." लोक कर भरतात ते बहुधा दाखला लागला किंवा निवडणूक अर्जाला थकबाकीची अट आडवी आली म्हणजे. पूर्वी जकात नाक्यावर रोज रोख पैसा जमायचा. 1999 मध्ये नगर परिषदांची जकात गेली आणि त्या बदल्यात सरकारी अनुदान आलं. अनुदान लांबलं की पगार लांबतो. ज्या गावाचा खर्च मुंबईहून येणाऱ्या पैशावर चालतो, त्या गावाची सत्ताही थोडीशी मुंबईत असते, हे मान्य करायला कुणालाच आवडत नाही.

तीन वाजता सभा असेल तर सभागृहात विषयपत्रिकेवरचे विषय वाचले जातात: नालीबांधकाम, बोअरच्या मोटारींची दुरुस्ती, ठेक्याला मुदतवाढ. सूचक, अनुमोदक, मंजूर. वाद झाला तर तो बहुधा माझ्या प्रभागात किती आणि तुझ्या प्रभागात किती, यावर. ठराव बेकायदा वाटला तर जिल्हाधिकारी तो थांबवू शकतात.

सहानंतर कार्यालय रिकामं होतं, तक्रारी मात्र थांबत नाहीत. खांब महावितरणचा, त्यावरचा दिवा नगर परिषदेचा. दिवा गेला की दोघांकडेही फोन जातो. शहरातून जाणारा तुळजापूर–नागपूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, त्यावरच्या खड्ड्याचा जाब नगरसेवकाला विचारून उपयोग नाही. तो तरी 'बघतो' म्हणतो, कारण 'माझ्याकडे नाही' म्हणणाऱ्याला मत मिळत नाही.

नगर परिषदेची सभा लोकांसाठी खुली असते, हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. तारीख नोटीस बोर्डावर लागते. यंदाच्या कराची पावती खिशात ठेवून एकदा मागच्या बाकावर जाऊन बसा, आणि तुमच्या नालीचा विषय निघाला की कोण तोंड उघडतं, कोण गप्प राहतं, ते बघून या.