कॅडिलॅकचे पंख

अमेरिकी गाडी म्हटली की मागचे ते उंच पंख आठवतात. त्यांचं मूळ विमानात आहे. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सहकाऱ्यांना लॉकहीडचं पी-३८ हे दुहेरी शेपटीचं लढाऊ विमान मुद्दाम दाखवायला नेलं. त्याची छाप १९४८च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांवर उमटली, तीही अगदी छोट्या उंचवट्यांपुरती.

अर्ल मूळचे हॉलिवूडचे. गाडीचा पूर्ण आकाराचा नमुना आधी मातीत घडवायची पद्धत या उद्योगात रुळली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे. गाडी लांब आणि बुटकी दिसली पाहिजे, हा त्यांचा कायमचा ध्यास.

खरी चुरस १९५७मध्ये लागली. क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्स्नर यांनी ठेंगण्या, निमुळत्या, उंच पंखांच्या गाड्या आणल्या आणि जनरल मोटर्सला आपली १९५९ची मॉडेलं नव्याने आखावी लागली. माझ्या मते त्या दशकातलं सर्वांत धाडसी काम एक्स्नर यांचंच. पण उत्पादनात घाई झाली, गाड्या लवकर गंजू लागल्या आणि क्रायस्लरचं नाव बरीच वर्षं खराब झालं.

१९५९च्या कॅडिलॅकवर पंखांनी कळस गाठला. प्रत्येक पंखाला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन लाल दिवे होते. पुढे पंख दरवर्षी खाली येत गेले. कॅडिलॅकच्या मागच्या दिव्यांची उभी ठेवण मात्र आजच्या मॉडेलांतही दिसते.